टाचेची उंची आणि पुरुषत्वाची चौकट : उंच टाचांची पादत्राणे वापरणाऱ्या पुरुषांविषयी

प्रस्तावना

पादत्राण ही वस्तू आपल्या समाजात निव्वळ वस्तू म्हणून कधीच वावरली नाही. भरताने सिंहासनावर ठेवल्या त्या पादुका. आषाढी वारीत पालखीतून जातात त्याही पादुकाच. उलट एखाद्याचा निषेध करायचा झाल्यास त्याच्या प्रतिमेला जोडे मारले जातात. वहाण कोठे काढावी, कोणापुढे काढावी आणि कोणी ती घालूच नये, याचे नियम जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे राबविले. पायातील वस्तूवरून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत जगातील बहुतेक संस्कृतींत आढळते. जातीची, वर्गाची आणि सत्तेची पायरी जशी पादत्राणावरून ओळखली जाते, तशीच स्त्री-पुरुषभेदाची रेषाही त्यावरून आखली जाते, आणि आजच्या काळात ही रेषा उंच टाचेइतकी ठळकपणे दुसऱ्या कोणत्याही पादत्राणात दिसत नाही.

उंच टाचांची पादत्राणे आवडीने वापरणारे पुरुष जगात अनेक आहेत. त्यांपैकी बहुतेक जण ही आवड घराच्या दाराआड जपतात. काही थोडे ती उघडपणे मिरवितात. त्यांच्याविषयी बोलताना सामान्यतः दोनच सूर लागतात : एक थट्टेचा, दुसरा विकृतीचा. दोन्ही सुरांमागे एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे उंच टाच ही निसर्गतःच स्त्रीची वस्तू होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा ऐतिहासिक आणि सामाजिक अंगाने विचार केला आहे.

घोडेस्वाराची टाच

टाचेचा इतिहास स्वयंपाकघरात किंवा अंतःपुरात सुरू होत नाही. तो घोड्याच्या पाठीवर सुरू होतो. पश्चिम आशियातील, विशेषतः इराणातील घोडेस्वारांच्या जोड्यांना टाच असे, आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. रिकिबीत पाऊल अडकविले की टाचेच्या पुढची खाच रिकिबीच्या पट्टीवर घट्ट बसते. स्वाराला रिकिबीत उभे राहून, दोन्ही हात मोकळे ठेवून बाण सोडावयाचा असे. पाय निसटला तर नेम चुकणार आणि प्रसंगी प्राणही जाणार. मराठीतील ‘रिकीब’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतूनच आला आहे, आणि ‘घोड्याला टाच मारणे’ हा आपला वाक्प्रचारही टाचेचे नाते घोडदौडीशी जोडतो.

टोरांटो येथील बाटा पादत्राण संग्रहालयात सतराव्या शतकातील इराणी घोडेस्वारांचे असे जोडे जतन केलेले आहेत. त्यांच्या टाचा दाणेदार चामड्याने मढविलेल्या आहेत. या संग्रहालयाच्या अभ्यासक एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी उंच पादत्राणांच्या इतिहासावर २००८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि २०१५ मध्ये याच संग्रहालयात पुरुषांच्या टाचांविषयी स्वतंत्र प्रदर्शन मांडले. युरोपात टाच कशी पोहोचली याविषयी त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. इराणचा शाह पहिला अब्बास (राज्यकाल १५८८ ते १६२९) याने ऑटोमन तुर्कांविरुद्ध मित्र जोडण्यासाठी १५९९ मध्ये युरोपातील दरबारांकडे शिष्टमंडळ रवाना केले. इराणी घोडदळाच्या कीर्तीमुळे युरोपातील सरदारवर्गाला इराणी वस्तूंचे आकर्षण वाटू लागले, आणि त्यासोबत टाचही आली. मर्दानी, लष्करी, काहीशी रांगडी वस्तू म्हणून तिचे स्वागत झाले. आज जी वस्तू घातल्याने पुरुषाचे पौरुष शंकास्पद ठरते, ती युरोपात शिरली तीच मुळी पौरुषाची खूण म्हणून.

घोड्यावर उपयोगी असलेली टाच जमिनीवर मात्र फारशी कामाची नव्हती. खडबडीत, चिखलाच्या रस्त्यांवर तिने चालणे अवघडच. परंतु हाच तिचा दरबारी गुण ठरला. ज्याला शेतात राबावयाचे नाही, मैलोन्‌मैल पायी जावयाचे नाही, तोच अशी पादत्राणे घालू शकतो. गैरसोय हीच प्रतिष्ठेची जाहिरात होते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात लाल टाच ही राजाच्या मर्जीतील लोकांची खूण मानली जाई. चित्रकार रिगो याने १७०१ मध्ये काढलेले लुईचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात वार्धक्याकडे झुकलेला राजा एक पाय पुढे टाकून, पांढऱ्या मोज्यांतील पोटऱ्या दाखवीत, लाल टाचांच्या जोड्यांत उभा आहे. चित्रातील त्याच्या कमरेला तलवार आहे, हेही लक्षात घ्यावे. हा राजा ठेंगणा होता म्हणून त्याने टाचा वापरल्या, असे नेहमी सांगितले जाते. पण इंग्लंडचा दुसरा चार्ल्स चांगला सहा फुटांहून उंच होता, आणि तोही टाचांचे जोडे वापरी. तेव्हा प्रश्न केवळ इंचांचा नव्हता.

मग ही टाच स्त्रियांची कधी झाली? १६३० च्या सुमारास पश्चिम युरोपातील काही स्त्रियांनी पुरुषी पोषाखाचे घटक उचलण्याची फॅशन सुरू केली : पुरुषी टोप्या, खांद्यावरची सजावट, तंबाखूची नळी. याच ओघात त्यांनी टाचही उचलली. म्हणजे ‘पुरुषाने स्त्रीची वस्तू घातली’ अशी तक्रार आज केली जाते. इतिहासात मात्र स्त्रीने पुरुषाची वस्तू घेतली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस दोघांच्या टाचांत फरक पडू लागला. पुरुषांची टाच रुंद आणि दणकट झाली, स्त्रियांची निमुळती व नाजूक. पुढे अठराव्या शतकात प्रबोधनाच्या विचारांनी पुरुषाला विवेकाचा आणि उपयुक्ततेचा वारसा दिला, स्त्रीच्या वाट्याला भावना व शोभा आली. आणि १७४० च्या सुमारास युरोपीय पुरुषाने टाच जवळजवळ सोडून दिली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काही दशके स्त्रियांच्या पायांतूनही ती गेली, कारण तिला सरंजामशाहीचा वास होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती परतली, पण केवळ स्त्रियांकडे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्ल्यूगेल यांनी पोषाखाच्या मानसशास्त्रावरील १९३० च्या आपल्या ग्रंथात या घडामोडीला ‘पुरुषांचा महान त्याग’ असे नाव दिले. रंग, झालर, रेशीम, दागिने, टाच या सर्वांवर पुरुषाने एकाच काळात पाणी सोडले आणि सुंदर दिसण्याचा हक्क सोडून केवळ उपयुक्त असण्याचा दावा पत्करला, असे त्यांचे म्हणणे. फ्ल्यूगेल यांचे सर्वच निष्कर्ष आज टिकणारे नाहीत. पण हे निरीक्षण अजून खोडले गेलेले नाही.

परवानगी असलेल्या टाचा

त्यागानंतरही टाच पुरुषांकडून पूर्णतः गेली नाही. अमेरिकेतील गुराख्यांचे उंच टाचेचे बूट हे तिचे एक रूप, आणि कारण पुन्हा तेच, रिकीब. १९६० च्या दशकाच्या आरंभी बीटल्सनी लंडनमधून करवून घेतलेल्या टोकदार बुटांना स्पॅनिश नर्तकांच्या बुटांसारखी टाच होती. १९७० च्या दशकात डेव्हिड बॉवी, एल्टन जॉन यांनी जाड तळव्यांचे, उंच टाचांचे बूट रंगमंचावर आणले. त्याच सुमारास बेल-बॉटमच्या घोळाखाली उंच टाचेचे बूट आपल्याकडील महाविद्यालयांच्या आवारांतही खटखटत होते. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कित्येक प्राध्यापकांच्या तरुणपणीच्या छायाचित्रांत याचा पुरावा सापडेल. त्यांच्या पुरुषत्वाविषयी तेव्हा कोणी शंका घेतली नाही.

यापेक्षाही बोलके उदाहरण ‘आतून उंची’ वाढविणाऱ्या बुटांचे आहे. बाहेरून साधा दिसणारा, आत दोन-तीन इंचांची पाचर असलेला बूट पुरुषांसाठी सर्रास विकला जातो. मुलाखतीला, लग्नसमारंभात, चित्रपटाच्या चित्रीकरणात तो वापरला जातो. म्हणजे पुरुषाने टाच घालण्यास समाजाची हरकत नाही. ती दिसण्यास हरकत आहे. उंची ही पुरुषी मालमत्ता मानली गेल्यामुळे ती चोरून मिळविलेली चालते, पण टाचेची शोभा, तिचा डौल आणि तिच्यामुळे बदलणारी चाल यांचा आनंद उघडपणे घेणे चालत नाही.

एकाच वेळी घातलेले जोडे

हा आनंद घेणाऱ्या पुरुषांनी एकमेकांना शोधण्याचा इतिहास समजून घ्यावयाचा तर १९६१ सालच्या लॉस एंजेलिसकडे वळावे लागते. औषधशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या व्हर्जिनिया प्रिन्स (१९१२ ते २००९) यांनी १९६० मध्ये स्त्रीवेश आवडणाऱ्या पुरुषांसाठी ‘ट्रान्सव्हेस्टिया’ हे नियतकालिक सुरू केले होते. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या परिसरातील काही वाचकांची एक बैठक बोलाविली. प्रत्येकाने स्त्रियांचे लांब मोजे आणि उंच टाचांचे जोडे पिशवीतून बरोबर आणावेत, अशी सूचना होती. सर्व जण जमल्यावर सर्वांनी ते एकाच वेळी पायांत घातले. यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, सावधगिरी होती. उपस्थितांमध्ये एखादा साध्या वेषातील पोलीस असेल तर तोही त्या कृत्यात सामील झाला पाहिजे, म्हणजे कोणीच कोणाविरुद्ध बोलू शकणार नाही, असा तो हिशेब होता. या मंडळाचे नावही मोजे आणि टाचा यांवरूनच पडले.

ही भीती काल्पनिक नव्हती. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८६३ मध्ये केलेला नियम ‘स्वतःच्या लिंगाचा नसलेला’ पोषाख सार्वजनिक ठिकाणी घालणाऱ्यास दंडपात्र ठरवीत होता, आणि तो १९७४ पर्यंत रद्द झाला नव्हता. अमेरिकेतील इतर अनेक शहरांतही असेच नियम होते. स्वतः प्रिन्स यांच्यावर टपालातून अश्लील मजकूर पाठविल्याचा खटला झाला. अशा परिस्थितीत एखाद्या खोलीत दहा-बारा गृहस्थांनी एकत्र बसून जोडे बदलणे हे धाडसच होते. त्या खोलीतून बाहेर पडताना प्रत्येकाच्या मनात काय असेल याची कल्पना करणे कठीण नाही : आपण एकटे नाही, एवढे त्याला पहिल्यांदाच कळले असेल.

या मंडळातून पुढे अमेरिकाभर शाखा असलेली संघटना उभी राहिली. मात्र तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रिन्स यांचा आग्रह असा की, सदस्य भिन्नलिंगी आकर्षण असलेले, शक्यतो विवाहित पुरुषच असावेत. समलिंगी पुरुषांना आणि शरीरबदल इच्छिणाऱ्यांना तेथे प्रवेश नव्हता. समाजाकडून मान्यता मिळविण्यासाठी ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ असे सांगण्याची गरज उपेक्षित गटांना नेहमीच भासते, आणि त्यातून एक नवी उतरंड तयार होते. आपल्याला जातीच्या उतरंडीचा अनुभव असल्यामुळे ही गोष्ट लवकर ध्यानात यावी. योगायोग असा की, १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्स स्वतः पूर्णवेळ स्त्री म्हणून राहू लागल्या. आपण आखलेल्या चौकटीत त्यांनाच राहता आले नाही.

आजच्या समुदायात निदान तीन निरनिराळ्या प्रकारची माणसे एकत्र दिसतात, आणि त्यांची गल्लत केल्यास अभ्यास पहिल्याच पायरीवर फसतो. काहींना स्त्रीवेशाची आवड असून टाच हा त्या वेशाचा एक भाग असतो. काहींची लिंगओळखच स्त्रीची असते. त्यांना ‘टाच घालणारे पुरुष’ म्हणणेच मुळात चुकीचे. तिसऱ्या प्रकारचा पुरुष मात्र दाढी राखतो, शर्ट-पॅंट घालतो, स्वतःला निःशंकपणे पुरुष समजतो, आणि पायात तेवढी उंच टाच पसंत करतो. त्याला स्त्री दिसावयाचे नसते. त्याला ते पादत्राण आवडते. हा तिसरा प्रकार समाजाला सर्वाधिक गोंधळात टाकतो, कारण त्याला ठेवण्यासाठी आपल्याजवळ तयार कप्पा नाही.

वैद्यकशास्त्राची दृष्टी

हा कप्पा पुरविण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्राने केला. बर्लिनचे वैद्य मॅग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये वेषांतर करणाऱ्यांविषयी विस्तृत ग्रंथ लिहिला आणि त्यांच्यासाठी ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ ही संज्ञा रूढ केली. वेषाची आवड आणि समलिंगी आकर्षण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. त्यांची १९१९ मध्ये स्थापन झालेली संस्था नाझींनी मे १९३३ मध्ये उद्ध्वस्त केली, तिचा ग्रंथसंग्रह जाळला गेला, आणि ही समज अनेक दशके मागे पडली.

नंतरच्या काळात ही आवड रोगांच्या यादीत राहिली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात वेषांतराशी निगडित विकाराचे निदान उरले आहे, पण ते करण्यासाठी व्यक्तीला लक्षणीय मनस्ताप होणे किंवा तिच्या जीवनव्यवहारात बाधा येणे आवश्यक मानले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत तर वेषांतराशी जोडलेला स्वतंत्र विकार वगळण्यात आला. या आवृत्तीतील एक बारकावा फार मोलाचा आहे : एकट्यापुरत्या किंवा परस्परसंमतीच्या आवडीमुळे व्यक्तीला होणारा मनस्ताप केवळ इतरांनी नाकारल्यामुळे अथवा नाकारतील या भीतीमुळे असेल, तर तो विकाराचा पुरावा धरता येत नाही. लोक हसतील म्हणून कुढणारा माणूस रोगी नव्हे. तेथे तपासावयाचे ते हसणारे लोक.

पाय, साचा आणि पोलाद

शरीराचा प्रश्न मात्र खोटा नाही. टाच उंच झाली की देहाचा भार चवड्यावर येतो, बोटे आवळली जातात आणि घोट्याचा तोल नाजूक होतो. अनेक वर्षे नियमितपणे उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटरीच्या स्नायूंचे तंतू आखूड झाल्याचे आणि टाचेमागचा स्नायुबंध जाड व ताठर झाल्याचे आढळले. पुरुषांना तर आणखी एक अडचण असते, मापाची. स्त्रियांसाठी बनविलेल्या जोड्यांचा साचा अरुंद असतो, मोठी मापे दुर्मीळ असतात, आणि सडपातळ टाच जड देहाखाली मोडण्याचा धोका असतो. १९५० च्या दशकात प्रचारात आलेली ‘पेन्सिल हील’ आतल्या पोलादी दांड्यामुळेच शक्य झाली होती. पुरुषासाठी तीच रचना अधिक भक्कम करावी लागते.

इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात पुरुषांचे पारंपरिक बूट बनविणाऱ्या एका कौटुंबिक कारखान्याने हेच केले. १९९० च्या दशकात मागणी घटून कारखाना अडचणीत आला असता एका दुकानदाराने विचारणा केली : स्त्रियांच्या धर्तीचे जोडे पुरुषांच्या मापात मिळतील काय? कारखान्याने ते बनविले. ही कथा १९९९ मध्ये बीबीसीच्या माहितीपटात आली, तिच्यावर २००५ मध्ये ‘किंकी बूट्स’ हा चित्रपट निघाला आणि त्यावरून बेतलेल्या संगीत नाटकाला २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह सहा टोनी पुरस्कार मिळाले. चित्रपटात कारखाना वाचतो. प्रत्यक्षात काही वर्षांतच तेथील उत्पादन थांबले. रंगमंचावर टाळ्या मिळविणाऱ्या वस्तूला बाजारात उघडपणे गिऱ्हाईक मिळतेच असे नाही.

सक्ती आणि आवड

या विषयाकडे स्त्रीवादी दृष्टीने पाहणाऱ्यांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. ज्या वस्तूने स्त्रियांचे पाय दुखावले, ती पुरुषांनी हौसेने मिरवावी याचे कौतुक कशाला? ब्रिटनमध्ये एका स्त्री-कर्मचाऱ्याला सपाट जोडे घातल्यामुळे घरी पाठविण्यात आल्यानंतर संसदीय समित्यांनी २०१७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या टाचांच्या सक्तीवर अहवाल दिला. जपानमध्ये २०१९ मध्ये याच सक्तीविरुद्ध मोहीम उभी राहिली. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात पुरुष स्त्रियांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ लाल टाचांचे जोडे घालून मैलभर चालतात. त्यावरही, स्त्रीत्वाची थट्टाच होते, अशी टीका झाली. तथापि सक्ती आणि आवड यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. टाच नाकारणारी स्त्री आणि टाच स्वीकारणारा पुरुष परस्परविरोधी दिशांनी चालताना दिसले, तरी त्यांची अडवणूक करणारा नियम एकच आहे. पॅरिसमध्ये १८०० साली स्त्रियांना पुरुषी पोषाखासाठी पोलिसांची परवानगी घेण्याचा आदेश निघाला होता. तो निष्प्रभ असल्याचे अधिकृतपणे जाहीर व्हावयास २०१३ साल उजाडले. तोवर पॅंट घातलेल्या स्त्रीकडे वळून पाहणेही लोकांनी केव्हाच सोडले होते. पुरुषांच्या बाबतीत हा प्रवास उलट्या दिशेने झाला नाही, कारण ‘वरच्या’ मानलेल्या पोषाखाकडे जाणे महत्त्वाकांक्षा ठरते आणि ‘खालच्या’ मानलेल्याकडे जाणे अधःपतन.

मराठी रंगभूमीला हा भेद अपरिचित नाही. बालगंधर्वांच्या (१८८८ ते १९६७) स्त्रीभूमिकांतील नेसणे, दागिने आणि केशरचना यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. त्याच महाराष्ट्रात तमाशातील नाच्याची वाटचाल मात्र वेगळी झाली. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीतील आणि तिच्यावर आधारित २०१० च्या चित्रपटातील गुणा कागलकर हा पीळदार शरीराचा गडी कलेसाठी नाच्या होतो, आणि गाव त्याच्या कलेऐवजी त्याच्या पुरुषत्वाची मोजदाद करू लागते. फरक वेशाचा नव्हता. एका वेशाभोवती संगीत नाटकाची प्रतिष्ठा होती, दुसऱ्याभोवती नव्हती.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आजही एखादा विद्यार्थी उंच टाचा घालून फॅशन शोमध्ये चालतो, सभागृह शिट्ट्या-टाळ्यांनी दणाणते आणि परीक्षक म्हणून बसलेले अध्यापक त्याला पारितोषिकही देतात. तोच विद्यार्थी दोन दिवसांनी तेच जोडे घालून तासाला आला, तर प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जाण्याची शक्यता अधिक. गणवेशाच्या नियमपत्रकांत बहुधा ‘सभ्य पोषाख’ एवढाच शब्दप्रयोग असतो. त्याचा अर्थ लावण्याचे काम समितीतील अध्यापकांकडेच येते.